सिरस सरांनी आत्मकथन लिहिलं नाही

रमजानच्या आठवडाभर आधी एका जुन्या विद्यार्थ्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. तो हैदराबादला असतो. किनवटची पोरं पुण्या-मुंबईपेक्षा तिकडेच जास्त जातात. १९५६ पर्यंत आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे नातीगोती अजून पैनगंगेपलीकडेच आहेत. मेसेजमध्ये सलाम होता आणि खाली दोन पिक्चरची नावं. ‘बॉय इरेज्ड’ आणि ‘अलीगढ’. पुढे एकच ओळ, ‘सर, दोन्ही बघा, मग बोलू.’

सात वर्षांत त्याने मला काहीच पाठवलं नव्हतं. ईदची मुबारकबादसुद्धा नाही. का, ते पुढे येईलच.

इशाची नमाज झाल्यावर, घरातली झोपल्यावर, कानात इयरफोन घालून मी दोन्ही पिक्चर मोबाईलवर बघितले. ‘बॉय इरेज्ड’ आधी. त्यामागे एक पुस्तक आहे. गॅरार्ड कॉन्ली हा अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला मुलगा. वडिलांचा गाड्या विकण्याचा धंदा, पुढे ते बॅप्टिस्ट पंथाचे पाद्री झाले. मुलगा कॉलेजात असताना तो समलैंगिक असल्याचं दुसऱ्याच कुणीतरी घरी कळवलं. २००४ साली, तो १९ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला टेनेसीतल्या मेम्फिस शहरात एका धार्मिक संस्थेकडे ‘दुरुस्त’ करायला पाठवलं. याला तिकडे कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. शब्द थेरपी, पण त्यात औषध नाही आणि विज्ञानही नाही. प्रार्थना, कबुलीजबाब आणि शरम, एवढाच मसाला. तिथे मुलांकडून खानदानाचा नकाशा काढून घेत. आपल्याकडे जसा शिजरा असतो तसा. फरक इतकाच की प्रत्येक नातेवाईकाच्या नावापुढे त्याचं पाप लिहायचं. चाचा दारुडा, मामा जुगारी. म्हणजे तुझ्यात हे कुठून उतरलं ते सापडेल. हे बघताना मी पिक्चर थांबवला आणि उठून पाणी प्यायलो. आमच्या मोहल्ल्यातल्या बैठकांमध्ये कागद नसतो, बाकी नकाशा हाच असतो. ‘उसके नाना के खानदान में बी एक ऐसाच था.’

कॉन्ली तिथून बाहेर पडला. बारा वर्षांनी, २०१६ साली, त्याचं पुस्तक आलं आणि २०१८ मध्ये जोएल एजर्टनने त्यावर पिक्चर काढला. लुकास हेजेसने मुलगा केला, निकोल किडमन आणि रसेल क्रो आईबाप झाले. संस्थाचालक थेरपिस्टचं काम दिग्दर्शकाने स्वतःच केलं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. गोष्ट सांगणाऱ्याने सर्वांत वाईट माणसाचं काम स्वतःकडे घेतलं. पिक्चरमध्ये नावं बदलली आहेत, कॉन्लीचा जेरेड इमन्स झाला. खऱ्या आयुष्यात ती संस्था चालवणारा माणूस पुढे तिथून बाहेर पडला, आपण चुकलो असं जाहीरपणे म्हणाला आणि २०१४ साली त्याने एका पुरुषाशी लग्न केलं. भारतातल्या थिएटरांत हा पिक्चर फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता, पण त्याचं प्रदर्शन ऐनवेळी रद्द झालं.

मला पिक्चर आवडला का? ठीक वाटला. जरा जास्तच नीटनेटका आहे. पण एक गोष्ट मनात राहिली. या गोष्टीचा मालक शेवटपर्यंत गॅरार्ड कॉन्लीच होता. त्याने आधी लिहिलं, मग लोकांनी दाखवलं. दुरुस्त झालेलं काही असेल तर ते आईबापांचं मन, आणि तेही त्याच्या शब्दांमुळे.

मग ‘अलीगढ’ बघितला. तिथे हे सगळं उलटं होतं.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषांचा विभाग आहे, तिथे ते मराठी शिकवत आणि विभागाचे प्रमुख होते. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी अलीगढमध्ये काढला. ‘पाया खालची हिरवळ’ हा त्यांचा कवितासंग्रह. त्याला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला. लग्न झालं होतं, टिकलं नाही. एकटे राहत.

आता जरा माझं. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. आमच्या पिढीच्या उर्दू मास्तरांना अलीगढचं नाव काढलं की सरळ बसायची सवय आहे. १८७५ मध्ये सर सय्यदांनी लावलेलं रोप, १९२० ला झालेलं विद्यापीठ, शेरवानी, तराना. घरची ऐपत असती तर मीही तिथेच गेलो असतो. त्या अलीगढमध्ये एक मराठी माणूस उर्दूच्या दरियात बसून मराठी शिकवत होता, आणि मी इथे मराठीच्या जंगलात उर्दू शिकवतो. वर्गात पाच-सात पोरं असताना ‘ळ’चा उच्चार घोटून घेणं काय असतं, ते मला कुणी सांगायला नको. म्हणजे सिरस सर माझेच हमपेशा. तरीही २०१० साली ती बातमी आली तेव्हा मी ती वाचून पान उलटलं होतं. इतकंच नाही, स्टाफरूममध्ये कुणी विषय काढला तेव्हा ‘मुस्लिम विद्यापीठ बदनाम करायचा डाव आहे’ असं म्हणणारा मीच होतो.

तारखा एकदा नीट लावून घेऊ, कारण या गोष्टीत तारखाच सगळं बोलतात.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात निकाल दिला की, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खासगीत ठेवलेले संबंध कलम ३७७ खाली गुन्हा ठरत नाहीत. सात महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री, टीव्हीवाले म्हणवणारी काही माणसं सिरस सरांच्या विद्यापीठातल्या क्वार्टरमध्ये घुसली. आत ते एका सायकलरिक्षावाल्यासोबत होते. यांनी शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. कारण, गैरवर्तन. क्वार्टर सोडायला सांगितलं. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

लक्षात घ्या, निलंबित झाला तो ज्याच्या घरात लोक घुसले तो.

सरांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली. वकील आनंद ग्रोव्हर, हेच नाझच्या खटल्यातही होते. १ एप्रिल २०१० रोजी न्या. सुनील अंबवानी आणि न्या. काशीनाथ पांडे यांच्या खंडपीठाने निलंबनाला स्थगिती दिली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं : खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे, त्याचं रक्षण झालं पाहिजे, आणि एखाद्या माणसाच्या वर्तनाचा त्याच्या नोकरीशी ठोस संबंध लागत नसेल तर, तो शिक्षक असला तरी, ते गैरवर्तन धरता येणार नाही. ‘शिक्षक असला तरी’ हे शब्द आमच्या पेशाच्या प्रत्येकाने वाचावेत. आम्हाला चोवीस तास मास्तर राहायची सवय लावली गेली आहे.

सहाच दिवसांनी, ७ एप्रिलला, सिरस सर भाड्याच्या खोलीत मृत सापडले. वय ६४. शरीरात विषाचे अंश मिळाले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काही अटकाही झाल्या, पण पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं. निलंबन मागे घेतल्याचं विद्यापीठाचं पत्र त्यांच्या ऑफिसात पोचलं तेव्हा ते घ्यायला सर नव्हते.

त्या दिवसांत पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले होते की, माझं या विद्यापीठावर प्रेम आहे आणि काहीही झालं तरी राहील, पण मी असा आहे म्हणून त्यांचं माझ्यावरचं प्रेम संपलं का? आमच्या कितीतरी शायरांनी मिळून अलीगढवर जी मुहब्बत लिहिली तिच्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. घरातून काढलेला माणूस घराची बाजू घेऊन बोलत होता.

हन्सल मेहता यांनी यावर पिक्चर काढला. लेखन अपूर्व असरानी यांचं. मनोज बाजपेयी सिरस झाले, राजकुमार राव पत्रकार दीपू सेबॅस्टियन झाला. शूटिंग अलीगढमध्ये नाही, बरेलीत झालं. कॉन्लीसारखं आत्मकथन इथे नव्हतं. होत्या त्या बातम्या, मुलाखती आणि कोर्टाची कागदपत्रं. या तिन्हींत माणूस दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देत असतो. कोर्टाला त्याचं वर्तन हवं असतं, पेपरवाल्याला प्रकरण हवं असतं. एकटा बसून तो काय विचार करायचा, लहानपणी नागपुरात कुणावर जीव जडला होता, लग्नाच्या रात्री काय झालं, बायकोला काय सांगितलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी लिहिलं नाही. आमच्याकडच्या अशा माणसांबाबत नेहमी हेच घडतं. पोलिसांचा पंचनामा असतो, डायरी नसते.

मग पिक्चरवाल्यांनी काय केलं? त्यांनी ती रिकामी जागा भरायचा मोह टाळला. बाजपेयी खुर्चीत बसून लताबाईंचं ‘अनपढ’मधलं गाणं ऐकत राहतात, हातात दारूचा ग्लास, आणि कॅमेरा हलत नाही. काही घडत नाही. एक माणूस एकटा आहे, बस्स. कोर्टात वकील त्यांच्याविषयी तावातावाने बोलत असतात आणि सर डुलक्या घेतात, नाही तर आपल्या कवितांचा तर्जुमा करत बसतात. ज्या भाषेत त्यांनी स्वतःला लिहिलं होतं ती त्या खोलीत कुणालाच येत नव्हती. आम्हाला येते. मी किनवटच्या वाचनालयात ‘पाया खालची हिरवळ’ विचारलं, नाही. नांदेडला एका मित्राला शोधायला लावलं, त्यालाही मिळालं नाही. म्हणजे जो मराठी कवी मेल्यावर जगभरच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये पोचला, त्याची कविता मराठी मास्तराला वाचायला मिळत नाही. पिक्चरच्या नावात शहर आहे. माणसाचं नाव नाही आणि कवितेचंही नाही, हे मला खटकतंच.

अजून एक खटकलं, त्या रिक्षावाल्याचं. सिरस सरांकडे निदान वकील होता, दीपू होता, मेल्यावर का होईना पिक्चर झाला. रिक्षावाल्याला त्या रात्री काय भोगावं लागलं आणि पुढे त्याचं काय झालं, याची कुणाला पडली नाही. पिक्चरमध्येही तो येतो आणि जातो. गरिबाचं आत्मकथन तर फार लांबची गोष्ट.

२६ फेब्रुवारी २०१६ ला पिक्चर लागला. तोवर कायदा पुन्हा उलटला होता. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द करून कलम ३७७ परत आणलं होतं. खुद्द अलीगढ शहरात पिक्चरला विरोध झाला. शहराची बदनामी होते म्हणून एका मुस्लिम संघटनेने आवाज उठवला आणि भाजपच्या महापौरांनी त्यात सूर मिसळला. एरवी ज्यांचं पाण्यावरूनही जमत नाही ते इथे एक झाले. बदनामी कशाने झाली, घुसखोरीने की पिक्चरने, हे दोघांनीही विचारलं नाही.

आता माझ्या मुस्लिम वाचकांशी थोडं बोलतो. माझ्याकडे काय प्रश्न येणार ते मला ठाऊक आहे. ‘सर, इस्लाममध्ये हे जायज आहे का?’ मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. उलेमांची भूमिका काय आहे ती तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे, आणि सूरह नूरमध्ये परवानगी न घेता कुणाच्या घरात शिरायला मनाई आहे, हेही तुम्हाला माहीत आहे. हजरत उमर यांची रिवायत लहानपणी मदरशात ऐकलेली असेलच. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. आतला माणूस गुन्हा करताना सापडला. तो म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन. टेहळणी केलीत, दाराने आला नाहीत, सलाम करून परवानगी घेतली नाहीत. खलिफा माफ करून परत गेले. मुस्लिम नावाच्या विद्यापीठात ८ फेब्रुवारीच्या रात्री भिंत कुणी चढली आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा कुणाला झाली, ते वर लिहिलंच आहे.

आणि उर्दूवाल्यांनी तर या बाबतीत फार भोळा चेहरा करू नये. दहावीच्या वर्गात गझल शिकवताना दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, ‘सर, महबूब आता है का, आती है का नाही?’ मी ठरलेलं उत्तर देतो, की ही गझलची रिवायत आहे, फारसीत लिंगभेद नाही, पुढे चला. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. मीरच्या दिवानातले काही शेर आपण का वगळतो ते प्रत्येक उर्दू मास्तराला ठाऊक असतं.

अलीगढ नको, आपल्या मराठवाड्याचंच बघू. सिराज औरंगाबादी, अठराव्या शतकातले. वली दकनीनंतर दकनी मातीतला हा सर्वांत मोठा शायर. त्यांची एक गझल आज कव्वालांपासून आबिदा परवीनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. तरुणपणी जुनून चढला तेव्हा ते खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती फिरत राहिले. याच सिराजनी १७४७ च्या सुमारास ‘बोस्तान-ए-खयाल’ नावाची मसनवी लिहिली. एका तरुणावरचं प्रेम आणि त्याचा विरह, आणि सांगणारा स्वतः शायर, ‘मी’ म्हणून. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली भारतातल्या समलैंगिक प्रेमाच्या साहित्याचा जो मोठा संग्रह काढला त्यात ती इंग्रजीत घेतली आहे. बी.ए.ला आम्हाला सिराज होते. मसनवीचं नाव परीक्षेपुरतं पाठ होतं. आत काय आहे ते कुणी सांगितलं नाही आणि मीही पुढे कुणाला सांगितलं नाही. मेम्फिसच्या त्या मुलाच्या अडीचशे वर्षं आधी औरंगाबादच्या एका मुसलमानाने आपली हकीकत लिहून ठेवली होती. त्याच्या काळात तिला दुरुस्त करायची कुणाला घाई झालेली दिसत नाही. ती घाई नंतरची. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली आणलं आणि हळूहळू आपण ते आपल्याच संस्कृतीचं समजायला लागलो.

मराठीतही हा विषय आजचा नाही. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ला सुरू झालं. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्यात हस्तमैथुन होतं, समलिंगी संबंधही होते. १९३४ साली या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी हॅवलॉक एलिसचे दाखले दिले. लोकांना प्रश्न पडतात तर उत्तर मिळालं पाहिजे, आणि तुम्ही ज्याला विकृती म्हणता तीही ज्ञानानेच जाईल, दुसरं कशाने जाणार, असा त्यांचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अमोल पालेकरांनी कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’ काढला, २००१ मध्ये. कर्व्यांचं लेखन शिल्लक होतं म्हणून तो काढता आला. हल्लीच्या काळात बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ ला समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर मराठीत सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीवर त्यांनीच केलेला पिक्चर २०२२ ला आला. चांगलं झालं. पण हे सगळं पुण्याचं. पैनगंगेच्या काठावर, आमच्या मोहल्ल्यात, असा कुणी नाही असं आम्ही धरून चालतो.

असतो. तो माझ्याच वर्गात होता.

सात वर्षांपूर्वी त्याचे वालिद माझ्या घरी आले. पोरगा तेव्हा बी.कॉम. करून गावात परतला होता. ‘सर, इसकू तुमीच समझाओ. तुमारी सुनता इने.’ काय समजवायचं ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. मोबाईलमध्ये काहीतरी सापडलं होतं, भावाने मारलं होतं. मी पोराला घेऊन नदीकडे गेलो. तो रडला आणि सगळं बोलला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं होतं आणि त्याने निवडलेला माणूस मी होतो. मी काय केलं? पाच वक्त नमाज सांगितली, सोमवार-गुरुवारचे रोजे सांगितले. एका आमिलाचा पत्ता दिला, त्याने तावीज दिला. मग शहरातल्या एका डॉक्टरकडे स्वतः घेऊन गेलो. डॉक्टरने पाच मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वालिदना म्हणाला, लग्न करून टाका, आपोआप होईल. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, डॉक्टरही तेच म्हणतात.

आपल्याकडे मेम्फिससारखी संस्था लागत नाही. निकाह आहे.

लग्न झालं, मी जेवलो. वर्षाच्या आत तलाक. ती मुलगी वीस वर्षांची होती. काय चुकलं हे तिला कुणी सांगितलं नाही, उलट तिच्यातच काही कमी असेल असं बायका बोलल्या. जहेज परत करायच्या बैठकीत मी पंच होतो. सामानाची यादी माझ्या हस्ताक्षरात आहे, कपाटापासून मिक्सरपर्यंत. पोरगा दुसऱ्या आठवड्यात कृष्णा एक्सप्रेसने हैदराबादला गेला आणि परत आला नाही.

मी तेव्हा जे केलं ते अज्ञानातून केलं म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात कलम ३७७ चा तो भाग काढून टाकला, त्याच वर्षी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नाही असं स्पष्ट केलं. या बातम्या मी वाचल्या होत्या. त्या दुसऱ्या कुणाबद्दल आहेत असं वाटलं होतं. पुढे मे २०२० मध्ये केरळची एक २१ वर्षांची विद्यार्थिनी गोव्यात मृत सापडली. घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात डांबून बदलायचा प्रयत्न केला, औषधं टोचली, असं तिने आधी व्हिडिओत सांगितलं होतं. ७ जून २०२१ ला मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी असे उपचार थांबवायला सांगितलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्या न्यायाधीशांची एक गोष्ट मला विसरता येत नाही. समोर दोन मुलींचा अर्ज होता. निकाल देण्याआधी ते म्हणाले, या विषयाची मला समज नाही, मनात पूर्वग्रह आहेत. आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. मी पोराला डॉक्टरकडे नेलं होतं. स्वतः जावं असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन्ही पिक्चर बघून झाल्यावर मी त्याला फोन केला. पहिली पाच मिनिटं पावसापाण्याचं बोललो. मग मी माफी मागितली. तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, मेरे से पहले उसकू मांगो.’ उसकू म्हणजे त्या मुलीला. तिचं दुसरं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. तिच्या भावाला भेटून आलो. त्याने चहा दिला, पण बहिणीपर्यंत निरोप पोचवला की नाही, माहीत नाही.

ईदनंतर पोराने बारा पानं पाठवली, वहीवर लिहून फोटो काढलेली. अर्धी मराठी, अर्धी दखनी, सगळी देवनागरीत. ‘सर, शुद्धलेखन तपासा.’ मी लाल पेन घेतलं, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. अनुस्वार तो अजूनही विसरतो. दखनीला हात लावला नाही. चौथ्या पानावर एक मास्तर येतो, तो नदीवर घेऊन जातो, तावीज आणून देतो. माझं नाव पूर्ण लिहिलंय, आडनावासकट. समासात त्याने बारीक अक्षरात विचारलं होतं, ‘नाव बदलू का?’

मी तिथे ‘नको’ लिहिलं आणि पुढचं पान घेतलं.